गिरपांच्या कट्ट्यावर आई

“आज गाडी उशिरा इली काय, सिस्टर?”

चुलीपाशी बसलेल्या बाईंनी मान वर न करताच विचारलं. मला वाटलं, आमच्या मागून कुणीतरी आलंय. मी वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. खाडी होती, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल होता आणि त्यात एका पायावर उभा असलेला बगळा होता.

“आंबोलीत धुकं होतं,” माझी आई म्हणाली. “ड्रायव्हर नवीन. बैलगाडी हाकल्यासारखा चालवत होता.”

तिनं दाराशी चपला काढल्या, आत जाऊन पिशवी खुंटीला अडकवली, मोरीवर हात धुतले आणि दाराआडच्या टॉवेलला पुसले. टॉवेल दाराआड असतो हे तिला ठाऊक होतं. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

“अगं ये की आत,” आई म्हणाली. “ही माझी मुलगी. उज्ज्वला.”

त्याबरोबर आत बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडात घास होते ते तसेच राहिले. चुलीपाशीच्या बाईंनीही आता मान वर केली. सत्तरी ओलांडलेली, काळीसावळी, नाकात भली मोठी नथ घातलेली बाई. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, “बरा झाला हिका हाडलास ता. बस गो बाय, बस.”

त्याला आता वीस वर्षं होत आली.

आई गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाबा गेल्यावरही तिनं नोकरी सोडली नाही. निवृत्त झाली आणि मग मात्र घरात एकटीच उरली. माझा थोरला भाऊ, दादा, पुण्यात होता. त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता. त्यात आईची वेगळी खोली होती आणि वहिनीनं तिथले पडदेसुद्धा लावून ठेवले होते. आई मात्र प्रत्येक वेळी फोनवर “बघू” म्हणायची. शेवटी दादानं मला सांगितलं, “तू जा. तुझं ऐकेल.” मी मुलांना सासूबाईंकडं ठेवून सांगलीहून शुक्रवारी संध्याकाळी गडहिंग्लजला पोचले. जेवताना विषय काढला. आईनं सगळं ऐकून घेतलं, ताटं विसळली आणि म्हणाली, “उद्या पहाटेच्या गाडीनं माझ्याबरोबर चल. एके ठिकाणी जेवायला जायचंय. त्यानंतर काय ते बोलू.”

“कुठं?”

“वेंगुर्ल्याच्या पुढं.”

“एवढ्या लांब जेवायला?”

“हो. जेवायला.”

मला वाटलं, एखाद्या देवाचा नवस राहिलाय आणि सांगायला तिला संकोच वाटतोय. म्हणून मी फार खोदून विचारलं नाही.

आणि आता ही गिरपांची खानावळ. कौलारू पडवी, तिच्या मधोमध चिऱ्याचा लांबच लांब कट्टा. कट्ट्याच्या एका बाजूला निखारे आणि चुली, दुसऱ्या बाजूला बाकडी. पाटी नाही, गल्ला नाही. माणसं बाकड्यांवर खांद्याला खांदा लावून बसलेली आणि त्यांच्या समोर निखाऱ्यांवर कालवं भाजली जात होती. मी कालवं तोवर पाहिली नव्हती. मला ते दगडच वाटले. ओबडधोबड, करडे, चिखलाचा वास असलेले दगड. चुलीपाशीच्या त्या बाई म्हणजे सत्यभामाकाकी; त्यांच्या सासूनं ही खानावळ सुरू केली होती. काकी लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसल्या, त्या अजून तिथंच होत्या. आता हाताखाली सून दर्शना. पडवीमागं शिंपल्यांची अक्षरशः टेकडी झाली होती. तीन पिढ्यांनी खाल्लेल्या कालवांची.

“विश्राम, सर मरे थोडो,” काकींनी फर्मान सोडलं. “सिस्टरच्या चेडवाक बसूंक दी.”

बाकड्याच्या मधोमध बसलेले एक गृहस्थ सरकले. साठी पार केलेले, पिकल्या मिशा, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. मी त्यांच्या आणि आईच्या मध्ये बसले. पण पलीकडच्या टोकाकडून लगेच आवाज आला.

“अन्याय आहे हा, काकी! शालनताईंची कन्या इतक्या दुरून आलीय आणि आम्हांला तिच्याशी बोलायलाही मिळू नये?”

पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, दाट भुवया. आवाज असा, की खाडीतला बगळा उडाला असेल.

“नाबर वकील,” आई माझ्या कानाशी म्हणाली.

“वकिलानूं, तुमी थंयच बसा,” काकी म्हणाल्या. “तुमी बोलूंक लागलास काय माणसांचा जेवाण थंड होता.”

सगळे हसले. आईही हसली. मी तिच्याकडं बघतच राहिले. घरी आई हसायची ती ओठ मिटून. इथं ती तोंड उघडं टाकून, मागं रेलून हसत होती आणि तिची चांदी बसवलेली एक दाढ मला कितीतरी वर्षांनी दिसली.

“शालनताई आल्याशिवाय शनिवार हा शनिवार वाटत नाही आम्हांला,” वकील पुन्हा म्हणाले आणि छातीवर हात ठेवून जरासे झुकले.

माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी चमकलं. शनिवार? म्हणजे ही दर शनिवारी येते? आणि हा माणूस असा का बोलतो?

एवढ्यात आई उठली. “मी जरा दर्शनाला वडे थापायला मदत करते. तू खाऊन घे,” म्हणाली आणि पदर खोचून आतल्या स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. मला त्या अनोळखी माणसांच्या रांगेत एकटं सोडून.

काकींनी चिमट्यानं एक कालव माझ्यासमोर ठेवलं. मी हात पुढं केला.

“थांबा, थांबा,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. “अजून तोंड मिटलंय त्याचं. आत वाफ कोंडलेली असते. हात भाजेल.” त्यांनी ते कालव पुन्हा निखाऱ्यावर सरकवलं. “बघा आता. स्वतःच उघडेल.”

आम्ही दोघंही वाकून त्या दगडाकडं बघत बसलो. मला ते इतकं विचित्र वाटलं, की हसू आलं. तेवढ्यात ‘चुर्र’ असा आवाज झाला, एका कडेनं फेस आला आणि बारीकशी फट पडली. गृहस्थांनी फडक्यात धरून त्यात सुरी घातली, मनगट फिरवलं. झाकण निघालं. आत मोत्याच्या रंगाच्या वाटीत राखाडी पांढुरका गोळा, स्वतःच्याच रसात.

“लिंबू पिळा. चावत बसू नका, पण गिळूही नका एकदम.”

मी डोळे मिटले आणि शिंपला तोंडाला लावला. आधी खारं लागलं, समुद्राचं पाणी नाकातोंडात जातं तसं. मग धुराचा वास. आणि मग काहीतरी गोड, लोण्यासारखं मऊ. मी डोळे उघडले तेव्हा पडवीतलं सगळं थबकलं होतं. काकींचा चिमटा हवेत होता. वकिलांच्या भुवया वर चढल्या होत्या. सगळी रांग पुढं वाकून माझ्याकडं बघत होती.

“आणखी आहेत?” मी विचारलं.

एकदम गलका झाला. कुणीतरी कट्टा बडवला. “अगो, सकाळच्या ओहोटीची टोपलीभर आसत!” काकी ओरडल्या. घाटावरची माणसं कालवं बघून पळतात म्हणून यांना एवढं कौतुक, असं मी धरून चालले.

शेजारच्या गृहस्थांचं आडनाव कुबल. एसटीत ड्रायव्हर होते, वेंगुर्ला आगाराला. ते एकेक कालव उघडून माझ्यापुढं ठेवत होते आणि मी खात होते. बोलायला ते सोपे होते. काही माणसांशी बोलताना आपण आधी वाक्य मनात जुळवतो. त्यांच्याशी तसं करावं लागलं नाही.

“तुम्हीही दर शनिवारी येता?” मी विचारलं.

“दर दिवशी येईन, पण काकी हाकलून देतील.” ते हसले. “बायको गेल्यापासून येतो. घरी जेवायला बसलो की हात आपोआप दोन ताटं काढायचे. मग एक परत ठेवायचं. ते परत ठेवायचं काही जमेना मला. इथं ताटं मांडायचीच नसतात.”

हे त्यांनी आज वारा जरा पडलाय म्हणावं तसं सांगितलं. मला बाबांनंतरचे आमच्या घरातले दिवस आठवले.

“मुलं?”

“एक मुलगा. मडगावला असतो. चांगला आहे. ‘बाबा, इकडं या’ म्हणतो. गेलो होतो. गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या कशा चालवतात ते बघायचो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो. महिनाभरानं परत आलो.”

मी खूप हसले. आणि मग, का कोण जाणे, जे कुणाजवळ बोलले नव्हते ते त्यांना सांगू लागले. आईला पुण्याला न्यायचं आहे, त्यासाठीच मी आलेय, आणि ती ऐकत नाही.

“एकटीच असते हो. रात्रीबेरात्री काही झालं तर? शेजारी आहेत, पण शेजारी ते शेजारीच. मला सांगलीत झोप लागत नाही. फोन वाजला की आधी तिचंच काहीतरी असेल असं वाटतं.”

“खरंय,” ते म्हणाले.

“तिला वाटतं, सगळं जमतं मला. कसलं जमतंय? ती घरात कुणाशी बोलत असेल, सांगा ना. भिंतींशी?”

कुबलांनी हातातलं कालव खाली ठेवलं. “पुण्यात त्या काय करतील?”

“आराम.”

“त्यांनी मागितलाय?”

मी रिकामा शिंपला कट्ट्यावर उलटा ठेवला. त्यांना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. कानांपर्यंत लाल झाले. “माफ करा. मी आपलं ड्रायव्हर माणूस. पाठीमागच्याला कुठं उतरायचंय ते विचारायची सवय.”

“नाही हो. बरोबर बोललात,” मी म्हटलं. आणि खरंच मला राग आला नव्हता. “नाही विचारलं आम्ही. कुणीच नाही विचारलं.”

त्यांनी मान हलवली आणि उघडलेलं कालव माझ्याकडं सरकवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मघापासून ते नुसते मलाच वाढत होते. त्यांच्या पुढ्यात एकही रिकामा शिंपला नव्हता.

आई वड्यांची परात घेऊन बाहेर आली. कालवांचं सुकं आलं, सोलकढी आली. वकिलांनी लांबून आईसाठी लिंबाची फोड पाठवली, हातोहात, सात-आठ माणसांमधून, आणि वर म्हणाले, “खास शालनताईंसाठी!” आई पुन्हा तशीच हसली. मी आतून तापत होते. सगळं जुळत होतं. पेन, सदरा, ते लाडिक बोलणं. आणि आईचं ते हसणं. म्हणून हिला पुणं नको. म्हणून दर शनिवारी घाट उतरायचा. आणि मला इथं आणलं ते या माणसाला दाखवायला!

जेवण उरकलं. हात धुवायला मी मागच्या अंगणात गेले. आई तांब्या घेऊन मागोमाग आली. शिंपल्यांच्या त्या टेकडीपाशी मी तिला गाठलं.

“आई, खरं सांग. तू इथं जेवायला येत नाहीस.”

तिनं माझ्या हातांवर पाणी ओतलं. “मग कशाला येते?”

“मी काय लहान आहे का? दिसतंय मला.”

“काय दिसतंय?”

“तो वकील!”

आईच्या हातातून तांब्या सुटला. ती आधी नुसतं बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले आणि मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. तिनं शेजारच्या माडाला धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“वकील?” ती कसंबसं म्हणाली. “अगं, वकील? तो काकींशीसुद्धा तसाच बोलतो! दुकानातल्या तराजूशीसुद्धा तसाच बोलत असेल! बायको आहे त्याला, ठणठणीत. तीच पाठवते त्याला इथं, जरा घरात शांतता म्हणून!”

मलाही हसू येत होतं, पण मी ते दाबलं. “मग कोण?”

आईनं डोळे पुसले. तांब्या उचलला. एकाएकी ती बघायला आलेल्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी दिसायला लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“तू इतका वेळ कुणाशी बोलत होतीस?” तिनं विचारलं.

मी पडवीकडं वळून पाहिलं. पडवीतून माणसांचा आवाज येत होता, नाही, येत नव्हता. पडवीत सामसूम होती.

“म्हणजे... कुबल? त्यांना माहीत होतं मी कोण ते?”

“सगळ्यांनाच माहीत होतं. काकींनी पंधरा दिवसांपासून ठरवून ठेवलंय कुणी कुठं बसायचं.”

“आणि मी त्यांना काय काय सांगत बसले! आई, मी म्हटलं, तू भिंतींशी बोलतेस!”

“बोलत होतेच की,” आई म्हणाली. “खोटं कुठं सांगितलंस.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“आधी सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी बोलली नसतीस, उजू. तू त्यांना तपासलं असतंस. पगार किती, घर कुणाच्या नावावर, बीपी आहे का. मला ते नको होतं. मला वाटलं, आधी नुसती शेजारी बस. नाही आवडला माणूस तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ, आणि मी पुण्याला येईन. खरंच येईन. तसं मी त्यांनाही सांगितलंय.”

म्हणून त्या माणसाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तो माझ्या हातात सगळं ठेवून, मला कालवं सोलून देत बसला होता.

माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. “आणि बाबा?”

 आई खाडीकडं वळली. भरती सुरू झाली होती, चिखलातल्या खाचांमधून पाणी आत शिरत होतं.

“तुझ्या बाबांबरोबर मी तीस वर्षं संसार केला. तो कुठं जातोय? त्यांचा फोटो घेऊन जाणारे मी. मी ह्यांना आधीच विचारलं. म्हणाले, भिंतीवर आमच्या सुमतीच्या फोटोशेजारी जागा आहे, लावू तिथं. दोघांना सोबत होईल.”

मी हसले आणि रडलेही. आधी काय झालं ते आठवत नाही. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. पदराला धुराचा आणि लिंबाचा वास होता.

आम्ही पडवीत आलो तेव्हा सगळी रांग पुतळ्यासारखी बसली होती. वकीलसुद्धा गप्प. कुबल उठून उभे राहिले. हातातलं फडकं कुठं ठेवावं ते त्यांना सुचत नव्हतं.

“ताई,” ते म्हणाले, “मी मघाशीच सांगायला हवं होतं. पण सिस्टरनी शपथ घातली होती.”

“तुम्ही काहीच खाल्लं नाहीत,” मी म्हटलं.

“नाही गेलं घशाखाली.”

मी माझ्या जागेवर बसले. निखाऱ्यावर दोन-तीन कालवं होती. एकाची फट नुकतीच पडली होती. मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं, कालव धरलं आणि सुरी घातली. सुरी निसटली, बोट भाजलं, झाकण अर्धंच निघालं, अर्धा रस कट्ट्यावर सांडला. कुणी मदतीला आलं नाही. आई तर श्वास रोखून उभी होती. शेवटी ते उघडलं. मी त्यावर लिंबू पिळलं आणि कुबलांच्या पुढ्यात ठेवलं.

“बसा,” मी म्हटलं. “आधी जेवा. मग तारखेचं बघू.”

पुढं काय झालं ते नीट क्रमानं सांगता येणार नाही. काकी नथ सावरत रडत होत्या आणि रडता रडता दर्शनाला “सोलकढी हाड, सोलकढी!” म्हणून ओरडत होत्या. वकील बाकड्यावर उभे राहून जाहीर करत होते, की नोंदणी ते करणार, पहिले साक्षीदार तेच, आणि ह्या खटल्यात त्यांनी आयुष्यात प्रथमच दोन तास मौन पाळलं आहे याची कुणीतरी दखल घ्यावी. आणि कुबल खात होते. एकामागून एक, खाली मान घालून, दिवसभराचा उपाशी माणूस खातो तसे. आई त्यांच्या शेजारी बसली होती. माझ्या जागेवर. मी उठून तिला ती कधी दिली, मला कळलंच नव्हतं.

दादाला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. त्यानं फोन ठेवून दिला. चार दिवस उचलला नाही. मग एका सकाळी त्याचाच आला.

“लोक काय म्हणतील, उजू? ह्या वयात? आणि पार कोकणात?”

“लोक म्हणतील, शालन देसाईनं लग्न केलं.”

मग त्यानं विचारलं, “माणूस कसा आहे?”

मी पुष्कळ विचार केला. घर आहे, पेन्शन आहे, निर्व्यसनी आहे, हे सगळं सांगता आलं असतं. “शेजारी बसलं की बरं वाटतं,” मी म्हटलं. 

लग्न फेब्रुवारीत झालं. नोंदणी, हार, पेढे. कुबलांचा मुलगा मडगावहून आला. त्यानं आईला वाकून नमस्कार केला आणि तिच्या हातातली जड पिशवी काढून घेतली. गिरपांच्या खानावळीला त्या दिवशी बाहेरचं गिऱ्हाईक बंद होतं. दादा आला, पण आंब्याच्या झाडासारखा गप्प उभा. कट्ट्यावर बसला, वाढलेलं सगळं मुकाट्यानं खाल्लं, कुबलांशी एक अक्षर बोलला नाही. वकिलांनी त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला आणि हार मानली. नाबर वकिलांनी हार मानलेली काकींनीसुद्धा प्रथमच पाहिली.

दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. आई आणि कुबल आम्हांला सोडायला वेंगुर्ल्याच्या स्टँडवर आले. मी खिडकीत बसले, दादा माझ्या पलीकडं. आई खाली उभी. आजवर किती वेळा मी अशी गाडीत आणि ती खाली उभी राहिली होती; पण तेव्हा ती मागं एकटी उरायची, म्हणून मी कधी नीट बघत नसे. आज मी बघत होते. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. माझा हात तिच्या हातात होता आणि दोघींनाही काही सुचत नव्हतं.

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. त्याबरोबर दादा एकदम उठला, माझ्या अंगावरून वाकला आणि खिडकीबाहेर डोकं काढून म्हणाला,

“काका.”

कुबल पुढं आले.

“सकाळी चहा होईपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही,” दादा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. “एक शब्द नाही. बाबा बोलायचे, आणि रोज भांडणं व्हायची.”

आईनं तोंडावर हात ठेवला. कुबलांनी मात्र हे एखाद्या घाटातल्या वळणाची सूचना असावी तसं गंभीरपणे ऐकून घेतलं.

“बोलूचंय नाय,” ते म्हणाले. गडबडीत त्यांच्या तोंडून मालवणीच निघालं. मग त्यांनी दादाच्या खिडकीवरच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दादानं तो काढला नाही.

गाडी फलाटाला तोंड लावून उभी होती, तिला मागं घ्यायचं होतं. कुबल सवयीनं गाडीच्या मागं धावले. “येऊ दे! येऊ दे!” ते पत्र्यावर थाप मारत ओरडू लागले, जणू अजून नोकरीतच होते. आणि मग त्यांच्या थापेबरोबर दुसरी एक थाप ऐकू आली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. माझी आई, हिरव्या लुगड्यात, गळ्यात हार तसाच, दुसऱ्या बाजूनं पत्रा बडवत होती.

“येऊ दे!” ती ओरडत होती. “अजून येऊ दे!”

सगळी गाडी हसायला लागली. दादाही.